दिवाळीच्या अंधारात देवयानी

दुष्काळी म्हणून आमच्या जतला सगळेच नावं ठेवतात. पण आकाश बघायचं तर सांगली-साताऱ्यात बरोबरी करेल तो फक्त माण-खटाव. कास-महाबळेश्वरला धुकं आणि गर्दी. आमच्याकडे पाऊस सरला की ढग औषधालाही सापडत नाही. पवनचक्क्यांचे लाल दिवे तेवढे लुकलुकतात. त्यांच्याकडे पाठ केली की झालं.

मी निवृत्त विज्ञानशिक्षक. दिवाळीच्या अमावास्येला मळ्यात पोरं जमली की आधी उत्तरेकडची शर्मिष्ठा दाखवतो, 'एम' अक्षरासारखी. जवळच देवयानी आणि ययाती. सांगलीत जन्मलेल्या वि. स. खांडेकरांच्या कादंबरीतलं हे त्रिकूट वरतीही शेजारीच नांदतंय!

डोक्यावर भाद्रपदांचा मोठा चौकोन असतो. त्याच्या ईशान्य कोपऱ्यातला तारा धरून देवयानीचा दुसरा ठळक तारा गाठायचा. तिथून शर्मिष्ठेकडे वळून दोन मंद तारे मोजायचे. दुसऱ्याच्या बाजूला पिंजलेल्या कापसासारखा पुंजका दिसतो, तीच देवयानी दीर्घिका.

"एवढंच?" पोरं हिरमुसतात. मग सांगतो, की हा उजेड तिथून 25 लाख वर्षांपूर्वी निघालाय. तेव्हा आजचा माणूस जन्मालाच यायचा होता. साध्या डोळ्यांना सहज दिसणारी सगळ्यांत लांबची वस्तू हीच.

शंभर वर्षांपूर्वी मात्र शास्त्रज्ञांचं भांडण होतं, की हा आपल्याच आकाशगंगेतला ढग की स्वतंत्र दीर्घिका? ऑक्टोबर 1923 मध्ये अमेरिकेतल्या माउंट विल्सनच्या 100 इंची दुर्बिणीतून एडविन हबलनं फोटो घेतला. फोटोच्या काचेवर नवतारा समजून केलेली 'एन' ही खूण त्यानं खोडली आणि 'व्हॅर!' लिहिलं, म्हणजे तेज कमी-जास्त होणारा तारा. असा तारा जितका सावकाश लुकलुकेल तितका तो मुळात तेजस्वी, हे हेन्रिएटा लेविट या बाईंनी आधीच शोधलं होतं. मूळ तेज कळलं, की दिसणाऱ्या तेजावरून अंतर निघतं. हबलचं उत्तर आलं सुमारे नऊ लाख प्रकाशवर्षं. बरंच कमी, पण भांडण मिटायला पुरेसं. माझ्या मते श्रेयाचा निम्मा वाटा लेविटबाईंचा.

देवयानी दीर्घिका आपल्याकडेच येतेय. टक्कर नक्की, असं आम्ही वर्गात शिकवायचो. 2025 च्या अभ्यासानुसार पुढच्या हजार कोटी वर्षांत ती होण्याची शक्यता निम्मीच.

महागडी दुर्बीण घेऊ नका. साधी द्विनेत्री भरपूर झाली. आणि त्या रात्री तासभर तरी अंगणातला एलईडी बंद ठेवा.