गुणवत्तेचे विक्रम आणि बंद दरवाजे

गावस्कर मोठा की तेंडुलकर, हा वाद आपल्याकडे चहाच्या टपरीवर रोज रंगतो. असाच एक वाद अमेरिकेत पिढ्यान् पिढ्या चालू आहे. तिथल्या फुटबॉलमधला सर्वश्रेष्ठ 'वाइड रिसिव्हर' कोण? चळवळीच्या वाचकाला या वादाचे काय देणेघेणे, असे कुणी म्हणेल. पण या वादाच्या तळाशी 'गुणवत्ता' नावाचा तोच प्रश्न आहे, जो आरक्षणाचे नाव काढताच आपल्या तोंडावर फेकला जातो. म्हणून हा वाद आपण समजून घेतला पाहिजे.

अमेरिकन फुटबॉल हा आपल्या ओळखीचा फुटबॉल नव्हे. अंडाकृती चेंडू हातात घेऊन तो खेळला जातो. 'क्वार्टरबॅक' हा खेळाडू डाव आखतो आणि चेंडू लांब फेकतो. वाइड रिसिव्हर प्रतिस्पर्ध्यांना चकवत धावतो आणि तो चेंडू झेलतो. प्रतिपक्षाच्या शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू नेला की 'टचडाऊन' होतो. किती झेल, किती यार्ड आणि किती टचडाऊन, या तीन आकड्यांवर रिसिव्हरची थोरवी मोजली जाते.

पहिले मोठे नाव डॉन हटसन. हा गोरा खेळाडू १९३५ ते १९४५ अशी ११ वर्षे ग्रीन बे पॅकर्सकडून खेळला. ४८८ झेल, ९९ टचडाऊन. त्याचा ९९ चा विक्रम मोडायला १९८९ साल उजाडावे लागले. दुसरे नाव जेरी राइस. १९८५ ते २००४ या २० हंगामांत १५४९ झेल, २२,८९५ यार्ड आणि झेलांवरचे १९७ टचडाऊन. तिसरे नाव रँडी मॉस. २००७ च्या एकाच हंगामात त्याने २३ टचडाऊन केले.

आकडे समोर ठेवले की राइस सहज पुढे दिसतो. त्यावर हटसनचे चाहते म्हणतात, काळ वेगळा होता, आणि त्यात तथ्य आहे. हटसनच्या वेळी हंगामात दहा-बाराच सामने असत. १९६१ पासून ते १४ झाले, १९७८ पासून १६ आणि २०२१ पासून १७. शिवाय १९७८ साली नियम बदलला. पहिल्या पाच यार्डांपुढे रिसिव्हरला धक्के मारून अडवण्यास बंदी आली. म्हणजे राइस आणि मॉस यांना हटसनपेक्षा मोकळे मैदान मिळाले. क्रीडापंडित हा सगळा हिशेब काटेकोरपणे मांडतात. मात्र एका गोष्टीपाशी यातल्या पुष्कळांची लेखणी अडखळते.

१९३४ ते १९४५ या काळात नॅशनल फुटबॉल लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. १९३३ पर्यंत मोजके का होईना, होते. मग दरवाजा बंद झाला. तसा नियम कागदावर कुठेही लिहिलेला नव्हता. मालकांनी आपसात समजून घेतले, एवढेच. हटसनची कारकीर्द १९३५ ते १९४५. त्याचा पहिला झेल आणि शेवटचा झेल, दोन्ही या बंद दरवाजाआड झाले. हटसन थोर खेळाडू होता, याबद्दल शंका नाही. हा दोष त्याचाही नाही. पण 'सर्वांत श्रेष्ठ' म्हणताना सर्वांना खेळू दिले होते काय, हा प्रश्न विचारायचा की नाही? सामन्यांची संख्या आणि नियम यांची वजाबाकी करणारे पंडित या बंदीची वजाबाकी का करीत नाहीत?

दरवाजा मालकांच्या मनाच्या मोठेपणाने उघडला नाही. १९४६ साली लॉस एंजेलिसमध्ये आलेल्या संघाला तिथले सार्वजनिक स्टेडियम हवे होते. कृष्णवर्णीय पत्रकारांनी ठणकावले, आमच्याही करातून उभ्या राहिलेल्या मैदानावर आमच्या खेळाडूंना बंदी चालणार नाही. तेव्हा केनी वॉशिंग्टन आणि वुडी स्ट्रोड संघात आले. राजधानी वॉशिंग्टनच्या संघाचा मालक जॉर्ज प्रेस्टन मार्शल तर पुढची पंधरा वर्षे अडून बसला. अखेर केनेडी सरकारचे मंत्री स्टुअर्ट युडाल यांनी १९६१ मध्ये बजावले की, नवे स्टेडियम सरकारी जमिनीवर आहे. भेदभाव करणार असाल तर ते मिळणार नाही.

१९६२ साली बॉबी मिचेल त्या संघात आला. आधी धावपटूच्या जागी खेळणारा मिचेल इथे रिसिव्हर झाला. पहिल्याच हंगामात ७२ झेल आणि १३८४ यार्ड, दोन्हींत तो लीगमध्ये पहिला. १९६१ साली १४ पैकी एकच सामना जिंकणारा संघ त्या वर्षी पाच जिंकला. सरकारी दडपणाने आलेला माणूस गुणवत्तेत पहिला! मग इतकी वर्षे मार्शल ज्याचे रक्षण करीत होता ती गुणवत्ता होती की वर्ण?

दरवाजा उघडला तरी आतल्या खोल्या बंदच होत्या. डाव आखायला डोके लागते, म्हणून क्वार्टरबॅक गोरा. धावायला आणि झेलायला शरीर लागते, म्हणून तिथे काळा. ही वाटणी आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. बुद्धीचे काम एका वर्णाकडे आणि अंगमेहनत दुसऱ्याकडे, हे आपण हजारो वर्षे भोगले आहे. मार्लिन ब्रिस्को याने १९६८ साली डेन्व्हरकडून क्वार्टरबॅक म्हणून १४ टचडाऊन फेकून दाखवले. पुढच्या वर्षी त्याला ती जागा कुठेच मिळाली नाही. बफेलोने घेतले ते रिसिव्हर म्हणून. तिथेही त्याने १९७० मध्ये १०३६ यार्ड कमावले. थोर रिसिव्हरांच्या चर्चेत ब्रिस्कोचे नाव निघते, तेव्हा हेही सांगितले पाहिजे की त्याने ही जागा स्वतः निवडली नव्हती. पुढे ज्या वॉशिंग्टन संघाने सर्वांत शेवटी दार उघडले, त्याच संघाला जानेवारी १९८८ मध्ये डग विल्यम्स या कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकने अजिंक्यपद मिळवून दिले.

आता जेरी राइसकडे पाहा. मिसिसिपीतल्या गवंड्याचा हा मुलगा. सुट्टीत बापाच्या हाताखाली विटा झेलून त्याचे हात तयार झाले. शिकला मिसिसिपी व्हॅली स्टेट या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात, जे १९५० साली सुरू झाले. त्याच वर्षी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. फरक एवढाच की तिथले महाविद्यालय गोऱ्या सरकारने काळ्यांना वेगळे ठेवण्यासाठी काढले आणि इथले बाबासाहेबांनी आपल्याला पुढे नेण्यासाठी. तरी दोन्हीकडे गवंड्याच्या, शेतमजुराच्या पोराला पहिल्यांदा मैदान मिळाले. मैदान मिळाल्यावर त्याने काय केले, ते राइसचे आकडे सांगतातच.

आपल्याकडे पाळवणकर बाळू होते. चर्मकार समाजातला हा फिरकी गोलंदाज १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेऊन आला. पुण्यात त्यांना चहा मात्र पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना शेवटपर्यंत मिळाले नाही. ते १९२३ मध्ये धाकटा भाऊ विठ्ठल यांना मिळाले. पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले, हा भाग वेगळा. पण भारताच्या थोर फिरकी गोलंदाजांची यादी करताना त्यांच्यापासून सुरुवात करणारे किती आहेत? आणि जे बाळू मैदानापर्यंत पोचलेच नाहीत, त्यांची नोंद कोणत्या वहीत आहे?

खाजगी क्षेत्रात आरक्षण मागितले की 'गुणवत्तेचे काय' असे विचारले जाते. कारखान्याची जमीन सरकार देते, पाणी, वीज, करसवलत आणि कर्ज जनतेच्या पैशातून मिळते, नोकरी देताना मात्र मालकी खाजगी होते. युडाल यांनी मार्शलला जे सुनावले, तेच आपले म्हणणे आहे. जमीन सर्वांची असेल, तर दरवाजाही सर्वांना उघडा पाहिजे.

राइस की हटसन, याचा निकाल अमेरिकेने लावावा. आमचे म्हणणे एवढेच की, कुणी गुणवत्तेचा विक्रम पुढे करील तेव्हा आपल्या तरुणांनी आधी साल विचारावे. मग विचारावे, त्या साली दरवाजा कुणाकुणाला उघडा होता?