"दिसतंय की!" हा निष्कर्ष का चालत नाही?

साखऱ्याला गेलो की मी आजीला विचारायचो, "नीट दिसतंय ना?" ती म्हणायची, "दिसतंय की रे!"

प्रश्नच चुकीचा होता. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा अधू डोळ्याची उणीव झाकून टाकतो. म्हणून वयोमानाने मॅक्युला झिजण्याच्या आजारात (एएमडी) एकेक डोळा झाकून तपासायचं.

त्यासाठी स्विस नेत्रतज्ज्ञ मार्क आम्स्लर यांचा तक्ता वापरतात: 10 सेंमीचा चौकोन, 5 मिमीची घरं, मधोमध ठिपका. जवळचा चष्मा लावून साधारण 30 सेंमीवरून ठिपक्याकडेच बघायचं. रेषा वाकड्या दिसल्या किंवा एखादा भाग गायब वाटला, तर लगेच नेत्रतज्ज्ञांकडे जायचं. 'ओल्या' प्रकारात नव्या रक्तवाहिन्यांतून गळती होते आणि उशिराची किंमत नजरेने मोजावी लागते.

पण मेख अशी की तुटलेल्या रेषा मेंदू स्वतःच जोडून घेतो. म्हणजे "सगळं सरळ दिसतंय" हा आजार नसल्याचा पुरावा नव्हे. इथे सेन्सिटिव्हिटी कमी पडते.

अमेरिकेतल्या 'होम' अभ्यासात (2014) 1,520 जण होते. त्यांतल्या ज्यांना ओला प्रकार झाला, त्यांची निदानापर्यंत तक्त्यावरची किती अक्षरं गेली? घरी तपासणी यंत्र असलेल्यांची मध्यक 4, नसलेल्यांची 9.

तुमच्या संशोधनातलं साधन निवडताना हेच विचारा: ते "नाही" म्हणालं, तर किती विश्वास ठेवायचा?

आजीला मी आता म्हणतो, "एक डोळा झाक. खिडकीचे गज सरळ दिसतात का? आता दुसरा." आणि ती "हो" म्हणाली, तरी डॉक्टरांची तारीख चुकवत नाही.