वीस ते ऐंशी

फिशमीलच्या कारखान्याने कुंपणावर ‘नाक’ बसवलंय, असं कळल्यावर राहवेना, कोकणात गेले. खांबावर राखाडी डबा, आत छोटा पंप नि सेन्सरांची रांग. टिन ऑक्साइडचा तापवलेला थर. वायू लागला की त्याचा विद्युतरोध बदलतो. सेन्सर एकट्याने मासळी ओळखत नाही. सगळ्यांच्या बदलांचा मिळून उमटणारा ठसा संगणकाला शिकवावा लागतो, आणि शिकवणीला माणसंच लागतात.

ती माणसं शहरातल्या प्रयोगशाळेत भेटली. त्यातल्या एक ताई मनातून जात नाहीत. वास घ्यायच्या दिवशी गजरा नाही, अत्तर नाही, आधी अर्धा तास चहासुद्धा नाही. नाकांची निवड ब्युटेनॉल या रसायनाच्या वासावर होते: अब्जात वीस ते ऐंशी भाग, एवढ्यातच त्याचा वास लागायला हवा. “माझ्या जावेचं नाक फारच तिखट निघालं, विसाच्या खालीच ओळखायची. तिला नाही घेतलं!” ताई हसत म्हणाल्या. वीस ते ऐंशी. सरासरी नाक हवं, हुशार नको.

धुराड्यातली हवा पिशवीत भरून आणतात आणि 30 तासांच्या आत हुंगतात. स्वच्छ हवा मिसळून ती इतकी विरळ करायची की निम्म्याच जणांना वास लागावा. हजारपट विरळ करावी लागली, तर मूळ हवेत हजार गंध-एकक. हा आकडा डब्याला शिकवतात. पिशवी कुठली, हे ताईंना सांगत नाहीत. वासाने पोटात ढवळलं तरी आकड्यात ते येत नाही.

डबा सांभाळणारा पोरगा पावसाळ्याला वैतागलेला. दमट हवेत सेन्सर भरकटतात, पुन्हापुन्हा जुळवावे लागतात. तरी एक श्रेय डब्याला द्यायलाच हवं: पाहणी दुपारी होते, वास रात्री सुटतो, आणि डबा रात्री जागा असतो.

पण आलेख चढला तरी तो ओलांडणार कुठली रेष? 2009च्या राष्ट्रीय हवा-मानकांत 12 प्रदूषक आहेत. अमोनिया आहे, दुर्गंधी म्हणून दुर्गंधी नाही. गावातला किराणावाला वहीत वेळ, वारा नि ‘मळमळलं’ असं लिहून ठेवतो. कारखान्याचे साहेब त्याला ‘भावना’ म्हणतात. ताईंच्या नाकावर शिकलेल्या डब्याला पुरावा मानायचं आणि या वहीला नाही, हे काही मला पटलेलं नाही.