उन्नत उभा आकाशक

जमिनीपासून काही उंचीवर उभा बसविलेला व रेडिओ तरंगांचे प्रक्षेपण आणि ग्रहण करणारा संवाहक. आकाशक म्हणजेच व्यवहारातील अँटेना किंवा एरियल. या प्रकारच्या आकाशकाची ऊर्जा क्षितिजालगतच्या लहान कोनांत सर्व दिशांना सारखी जाते, म्हणून दूर पल्ल्याच्या हौशी रेडिओ संदेशवहनात तो विशेष वापरतात.

लघुतरंग सुमारे ३०० किमी. उंचीवरील आयनांबराच्या थरावरून परततात. क्षितिजाशी ३०° कोन करून निघालेला तरंग सुमारे ९३० किमी. वर, तर ५° कोनात निघालेला सुमारे २,९०० किमी. वर जमिनीला टेकतो. कोल्हापूर ते लंडन हे सुमारे ७,५०० किमी. अंतर दुसरा तरंग तीन टप्प्यांत तोडतो. पहिल्याला आठ-नऊ टप्पे लागतात आणि प्रत्येक टप्प्यात तो क्षीण होत जातो. १९२७ मध्ये भारत व इंग्लंड यांच्या दरम्यान सुरू झालेल्या बिनतारी सेवेचे प्रेषण केंद्र पुण्याजवळ खडकी येथे व ग्रहण केंद्र दौंड येथे होते. तेथेही उंच मनोऱ्यांवरून टांगलेल्या उभ्या तारांच्या रांगा वापरलेल्या होत्या.

पाव तरंगलांबीच्या उभ्या संवाहकास परतीच्या प्रवाहासाठी दुसरी बाजू लागते. जमिनीवर उभ्या केलेल्या आकाशकात हे काम माती करते आणि तेथेच ऊर्जेचा नाश होतो. आकाशकाचा प्रारण रोध ३६ ओहम व मातीचा रोधही तितकाच असेल, तर प्रेषकाची निम्मी शक्ती माती तापविण्यात खर्ची पडते. हा नाश टाळण्यासाठी सु. १२० अरीय (केंद्रातून बाहेर जाणाऱ्या) तारा जमिनीत पुराव्यात, असे जी. एच. ब्राउन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये प्रयोगांनी दाखविले. पंचगंगेच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीत हे कष्टाचे असले, तरी शक्य आहे. पन्हाळ्याच्या माथ्यावर मात्र जांभा व त्याखाली बेसाल्ट आहे. तेथे मातीचा थर पातळ, उन्हाळ्यात कोरडा व विजेचा मंदवाहक असतो. अशा जागी आकाशकाचा तळच वर उचलून त्याला पाव तरंगलांबीच्या चार अरीय तारा हवेत जोडणे हा उत्तम उपाय होय. खुद्द ब्राउन यांच्या मते दोनच तारा पुरेशा होत्या. पण दोन तारांनी सर्व दिशांना सारखे प्रक्षेपण होईल यावर ग्राहकांचा विश्वास बसेना, म्हणून त्या चार झाल्या असे सांगतात.

उभ्या भागाची लांबी मीटरमध्ये काढण्यासाठी ७१·३ या संख्येस मेगॅहर्ट्‌झमधील कंप्रतेने भागतात. १४·२ मेगॅहर्ट्‌झसाठी ती सु. ५ मी. येते. ॲल्युमिनियमची नळी नसल्यास बांबूला बांधलेली तांब्याची तारही चालते. अरीय तारा आडव्या ठेवल्यास संरोध २०–३० ओहमच्या आसपास राहतो. त्या ४५° खाली उतरविल्यास तो ५० ओहमच्या जवळ येऊन नेहमीच्या समाक्ष केबलशी जुळतो. तळ ६ मी. उंच असेल, तर या तारांची टोके जमिनीपासून सु. २·५ मी. वर राहतात. टोकांशी विद्युत् दाब बराच असल्याने ती हाताला लागू नयेत, हे पाहणे आवश्यक असते. केबलच्या बाहेरील आवरणावरून प्रवाह परतू नये म्हणून जोडणीपाशीच तिची काही वेटोळी करतात. पावसाळी वाऱ्यासाठी नायलॉनच्या दोऱ्यांचे ताण द्यावेत. वळवाच्या दिवसांत केबल प्रेषकापासून सोडवून ठेवणे व खांबाचे स्वतंत्र भूसंपर्कन करणे यांत हयगय जिवावर बेतू शकते.

हवेतील तारांनी जवळच्या जमिनीतील नाश टळतो, दूरच्या परावर्तनातील टळत नाही. मंदवाहक जमिनीवरून अगदी लहान कोनात परावर्तित होताना उभ्या ध्रुवणाचा तरंग स्वतःलाच मारक ठरतो. समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर हा दोष जवळजवळ नसतो आणि म्हणून कोकण किनाऱ्यावरील साधा उभा आकाशकही सरस ठरतो. पन्हाळा भोवतालच्या मैदानापेक्षा सु. ४०० मी. उंच आहे, परंतु नुसत्या उंचीचा फायदा लघुतरंगांना समजतो तितका होत नाही. उपयोग होतो तो कड्यालगतच्या उताराचा : क्षितिजालगत जाणारा तरंग खाली झुकलेल्या पृष्ठाशी मोठा कोन करतो व नाश घटतो. त्यामुळे यूरोपशी संपर्क साधण्यास वायव्येकडे उतरती जागा निवडावी.

हौशी केंद्रासाठी शासकीय परवाना लागतो. शिवाय पन्हाळा हे संरक्षित स्मारक असून २०२५ मध्ये त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. संरक्षित हद्दीपासून १०० मी. पर्यंत बांधकामास मनाई व त्यापुढील २०० मी. मध्ये निर्बंध आहेत. तटबंदीला खिळा वा दोरी लावणे सर्वथा गैर होय. खणती न करता उभारता व उतरविता येणारा हा आकाशक येथे सोयीचा असला, तरी तात्पुरत्या उभारणीलाही पूर्वपरवानगी घ्यावी.

दूर पल्ल्याचा हा गुण जवळच्या संपर्कात दोष ठरतो. २०१९ च्या महापुरासारख्या प्रसंगी कोल्हापूरहून पुण्याला संदेश धाडण्यास तो जवळजवळ निरुपयोगी असतो, कारण त्याचे तरंग मधला प्रदेश ओलांडून पलीकडे उतरतात. त्या कामासाठी ७ मेगॅहर्ट्‌झची, जमिनीपासून थोड्याच उंचीवर आडवी ताणलेली अर्ध्या तरंगलांबीची (सु. २० मी.) तार वेगळी ठेवावी लागते.