पेन्सिलची करडी रेघ राखून रंग भरणे : स्कॅन केलेल्या रेखाटनाचे डिजिटल रंगकाम

कागदावर पेन्सिलने काढलेले चित्र संगणकात घ्यायचे आणि त्यात रंग भरायचे, हे काम ऐकायला सोपे वाटते. स्कॅन करा, बादलीचे साधन निवडा, हव्या त्या जागी क्लिक करा. प्रत्यक्षात पहिल्याच क्लिकला दोनपैकी एक गोष्ट घडते. रंग रेघेतल्या बारीकशा फटीतून बाहेर सांडतो आणि सगळे पान रंगवून टाकतो. नाहीतर तो आतच राहतो, पण रेघेच्या कडेने एक मळकट पांढरी किनार उरते. मग विद्यार्थी सहसा एकच उपाय करतात : कॉन्ट्रास्ट वाढवत नेतात, रेघ काळीभोर होईपर्यंत. आता रंग नीट बसतो. पण पेन्सिलने जे सांगितले होते ते निघून गेलेले असते.

या पाठात आपण उलट्या बाजूने विचार करू. पेन्सिलची रेघ म्हणजे कच्ची राहिलेली शाईची रेघ नव्हे. ती मुळातच करडी असते, आणि त्या करड्या छटांमध्येच हाताचा दाब, वेग आणि संकोच नोंदलेला असतो. तेव्हा रंगकामाची पद्धत रेघेला जुळवून घेणारी हवी. पुढील पायऱ्या जिम्प आणि क्रिटा या मोफत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरना धरून दिल्या आहेत. फोटोशॉपमध्येही बहुतेक साधने याच नावांनी सापडतील.

एक उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवू. समजा, तुम्ही रेल्वेच्या फलाटावर बसलेल्या फुलवाल्या आजीचे रेखाटन केले आहे. डोळे आणि टोपलीची कड २बी पेन्सिलने दाबून काढली आहे. गालावरच्या सुरकुत्या मात्र एचबीने, हात अगदी हलका ठेवून. टोपलीत झेंडू आहेत.

स्कॅन करताना

स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमध्ये तीन पर्याय दिसतात : ब्लॅक अँड व्हाइट, ग्रेस्केल आणि कलर. पहिला पर्याय टाळाच. त्यात प्रत्येक बिंदू एकतर पूर्ण काळा होतो किंवा पूर्ण पांढरा. मधले काहीच उरत नाही. ग्रेस्केलमध्ये ० म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा, अशा २५६ पायऱ्या मिळतात. पेन्सिलला त्या सगळ्या लागतात.

३०० डीपीआयला ए४ कागदाचे सुमारे २४८० गुणिले ३५०८ बिंदू होतात, म्हणजे जवळपास ८७ लाख. ६०० डीपीआयला बिंदूंची संख्या चौपट होते. छापील आकार मूळ चित्राएवढाच राहणार असेल तर ३०० पुरते. चित्र लहान आहे आणि मोठे छापायचे आहे, तर ६०० घ्या. फाइल टिफ किंवा पीएनजी स्वरूपात जतन करा. जेपीईजी पद्धत चित्राचे ८ गुणिले ८ बिंदूंचे चौकोन पाडून माहिती कमी करते, त्यामुळे रेघांभोवती बारीक घाण दिसू लागते आणि रंग भरताना ती फार नडते.

कागदाच्या मागच्या बाजूलाही काही काढले असेल तर ते स्कॅनमध्ये उमटते. अशा वेळी मागे काळा कागद ठेवावा. पान थोडे काळपट येईल, पण ते पुढे दुरुस्त करता येते; मागची रेघ पुढे आली तर ती काढणे कठीण. आणखी एक लक्षात ठेवा. ग्राफाइट चकाकतो. ६बी किंवा ८बीने घोटून काळी केलेली जागा काही स्कॅनरवर अपेक्षेपेक्षा फिकी येते. कागद नव्वद अंशांत फिरवून पुन्हा स्कॅन करून पाहिले तर फरक कळतो.

आधी निळ्या पेन्सिलने आराखडा आखून त्यावर ग्राफाइट फिरवायची सवय असेल तर कलरमध्ये स्कॅन करा आणि फक्त निळी चॅनेल घ्या. फिकी निळी रेघ निळा प्रकाश जवळजवळ पूर्ण परत पाठवते, म्हणून त्या चॅनेलमध्ये ती कागदात मिसळून जाते. जुना, पिवळट कागद असेल तर उलट लाल चॅनेल घ्यावी. तिथे पिवळेपणा सर्वांत कमी दिसतो.

स्कॅनर नसेल तर मोबाइल चालेल, मात्र कागदपत्रे स्कॅन करणारी ॲप्स नकोत. ती अक्षर वाचता यावे म्हणून बनवलेली असतात आणि मधल्या छटा खाऊन टाकतात. खिडकीजवळ, थेट ऊन नसलेल्या जागी, बरोबर वरून साधा फोटो काढा. एका बाजूला अंधार आला तर थराची दुसरी प्रत काढा, तिला मोठ्या त्रिज्येचा गॉसियन ब्लर द्या आणि तिचा मोड डिव्हाइड करा. खालच्या प्रत्येक बिंदूला त्याच्या आसपासच्या उजेडाने भागले जाते आणि पान एकसारखे होते. मात्र चित्रात छायांकनाचे मोठे, मऊ पट्टे असतील तर तेही सावली समजून पुसले जातात. अशा चित्रासाठी स्कॅनर असलेले झेरॉक्सचे दुकान गाठणेच बरे.

कागद पांढरा करणे, पण किती?

आता लेव्हल्स उघडा. आलेखात उजवीकडे एक उंच डोंगर दिसेल, तो कागद. डावीकडे पसरलेली लांब, बुटकी शेपटी म्हणजे पेन्सिल. आपल्या चित्रात कागद २२६ ते २३८ च्या दरम्यान आहे, डोळ्याची रेघ ७४ वर आणि गालावरची सुरकुती २१२ वर, असे समजू.

पांढरा बिंदू २२८ वर आणि काळा ४० वर ठेवला तर प्रत्येक किमतीतून ४० वजा करून, १८८ ने भागून, २५५ ने गुणले जाते. कागद २५५ च्या आसपास जातो. सुरकुती २३३ वर येते. फिकी, पण दिसणारी. डोळ्याची रेघ ४६ होते. आता पांढरा बिंदू आणखी ओढून २०५ वर आणा. कागदाचा पोत पूर्ण जाईल, पान लख्ख दिसेल. सुरकुतीही गेलेली असेल, कारण २१२ हा आकडा आता पांढऱ्याच्या पलीकडे आहे.

मी स्वतः ही चूक केलेली आहे. एका वृद्ध बाईंचे रेखाटन असेच लख्ख करून, रंगवून, छापून त्यांच्या घरी दिले. मूळ कागद आधीच कोणाकडे तरी गेला होता आणि स्वच्छ केलेली फाइल मी मूळ स्कॅनवरच जतन करून बसलो होतो. घरच्यांना चित्र आवडले, पण त्या चेहऱ्यातली बाई त्यांना ओळखू येईना. मानेवरच्या आणि हनुवटीखालच्या सगळ्या हलक्या रेघा मी कचरा समजून काढून टाकल्या होत्या. तेव्हापासून मूळ स्कॅनची फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून तिला हात लावत नाही.

म्हणून आधी चित्रातली सर्वांत फिकी, पण हवी असलेली रेघ शोधा. आयड्रॉपरने तिची किंमत पाहा. पांढरा बिंदू तिच्या आणि कागदाच्या मध्ये, शक्यतो कागदाजवळ ठेवा. उरलेले डाग, खोडरबरचा चुरा, बोटांचे ठसे हे वेगळ्या थरावर पांढऱ्या ब्रशने एकेक करून झाका. वेळ लागतो. पण कोणती खूण डाग आहे आणि कोणती रेघ, हे लेव्हल्सला कळत नाही, तुम्हाला कळते.

मल्टिप्लाय म्हणजे नेमके काय?

रेघांचा थर सर्वांत वर ठेवा, त्याचा मोड मल्टिप्लाय करा आणि त्याला कुलूप लावा. रंग नेहमी खालच्या थरांवर. हे सगळेच सांगतात. का, ते पाहू.

मल्टिप्लायमध्ये वरच्या आणि खालच्या बिंदूच्या किमती गुणून २५५ ने भागतात. वर पांढरा, म्हणजे २५५ असेल तर खालचा रंग जसाच्या तसा राहतो. वर काळा असेल तर उत्तर शून्य. मधली प्रत्येक छटा खालच्या रंगाला त्या प्रमाणात गडद करते. झेंडूचा रंग लाल २४०, हिरवा १५०, निळा ३० असा घेतला आणि वर पेन्सिलची १७० ची छटा असेल, तर १७० हे २५५ च्या बरोबर दोन तृतीयांश असल्यामुळे उत्तर १६०, १००, २० येते : तोच झेंडू, सावलीतला. म्हणजे पेन्सिलचे छायांकन आपोआप रंगीत छायांकन होते. पेन्सिलच्या चित्रावर पातळ जलरंगाचा हात फिरवल्यावर जे दिसते, त्याच्या जवळचे हे गणित आहे.

याच गणितातून दोन सूचना निघतात. पहिली : मल्टिप्लाय रंग फक्त गडद करतो, उजळ कधीच करत नाही. लेव्हल्स न करता २३२ चा कागद तसाच ठेवला तर सगळे रंग सुमारे नऊ टक्क्यांनी मंद होतात. म्हणून रंग निवडताना मनात असलेल्यापेक्षा थोडा उजळ आणि ताजा घ्या. दुसरी : जिथे पेन्सिलने सावली दिलेली आहे तिथे रंगाने पुन्हा सावली देऊ नका. दोनदा गुणाकार झाला की चेहरा काजळी फासल्यासारखा दिसतो.

रंग सांडू नये म्हणून

पेन्सिलच्या रेघेचा आडवा छेद घेतला तर किमती साधारण अशा दिसतात : २५५, २१०, १२०, ४६, १३०, २२५, २५५. बादलीचे साधन ठरलेल्या उंबरठ्यावर थांबते, म्हणून रेघेचा उतार रंगाविना राहतो. तीच ती पांढरी किनार. ही अडचण जुनी आहे. ॲल्वी रे स्मिथ यांनी १९७९ मध्ये टिंट फिल नावाची पद्धत मांडली, ती नेमकी अशा करड्या कडा असलेल्या क्षेत्रांसाठी होती. पुढे २००९ मध्ये लेझीब्रश हे तंत्र आले : तुम्ही रंगाचे ढोबळ फटकारे मारायचे आणि सीमा कुठे असावी ते रेघा पाहून संगणकाने ठरवायचे. क्रिटातील कलराइज मास्क याच धर्तीवर चालतो. जिम्पच्या २.१०.१० आवृत्तीत, २०१९ मध्ये, बादलीच्या साधनात रेघा ओळखून आणि फटी बुजवून रंग भरण्याचा पर्याय आला.

तरीही आडव्यातिडव्या रेघांनी भरलेली छाया आली की ही साधने अडखळतात, कारण प्रत्येक दोन रेघांमधली जागा त्यांना वेगळे घर वाटते. इथे एक साधी युक्ती आहे. रेघांच्या थराची एक प्रत काढा, तिचा कॉन्ट्रास्ट हवा तेवढा वाढवा, आतले छायांकन पुसा, बाह्यरेषेतल्या फटी जाड ब्रशने बुजवा. ही प्रत केवळ बांधासारखी वापरा. तिच्या आधाराने जागा निवडा, निवड दोन-तीन बिंदूंनी वाढवा म्हणजे रंग रेघेच्या पोटाखाली जाईल, आणि खालच्या थरावर रंग भरा. काम झाले की ती प्रत बंद करा. वर पुन्हा तुमची खरी करडी रेघ दिसेल. सुरुवातीला ज्या काळ्याभोर रेघेला नाव ठेवले, तिची खरी जागा ही.

साडी, त्वचा, फुले, टोपली यांना वेगवेगळे थर द्या. त्वचेचा रंग फुलांच्या रंगाशेजारी ठेवल्यावरच तो बरोबर आहे की नाही हे कळते, आणि तेव्हा एकाच थराचा रंग बदलता यायला हवा.

रेघेचा स्वतःचा रंग

एवढे केल्यावरही चित्र कधी कधी थंड वाटते. ग्राफाइट तिन्ही चॅनेल सारख्याच कमी करतो. रंग गडद होतो, पण उबदार होत नाही. उपाय असा : रेघांचा थर आणि त्याच्यावर तपकिरी रंगाने भरलेला एक थर, असे दोन्ही एका गटात ठेवा. तपकिरी थराचा मोड स्क्रीन आणि पूर्ण गटाचा मोड मल्टिप्लाय. स्क्रीनमध्ये पांढरे पांढरेच राहते आणि काळ्याच्या जागी तो रंग येतो, म्हणून फक्त रेघ तपकिरी होते. गालाजवळ तांबूस, साडीजवळ निळसर असे त्या थरावर बदलतही नेता येईल.

ॲनिमेशनच्या इतिहासात हा टप्पा उशिरा आला. आधी चित्रकारांच्या पेन्सिल-रेघा पारदर्शक शीटवर शाईने हाताने गिरवल्या जात. डिस्नेच्या वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स या १९६१ च्या चित्रपटात झेरोग्राफीने पेन्सिलच्या रेघा थेट शीटवर उतरवल्या. तिच्यातला खरखरीतपणा पडद्यावर आला, पण रेघ बहुतांशी काळीच राहिली. १९९० च्या द रेस्क्युअर्स डाऊन अंडर मध्ये रेखाटने स्कॅन करून सगळे रंगकाम संगणकावर झाले, आणि मग रेघेला हवा तो रंग देणे सोपे झाले. इसाओ ताकाहाता यांचा द टेल ऑफ द प्रिन्सेस कागुया हा २०१३ चा चित्रपट जरूर पाहा. त्यात रेघ तुटते, जाड होते, विरून जाते, आणि रंग काही ठिकाणी मुद्दाम रेघेपर्यंत पोहोचतच नाही.

स्वाध्याय

ओळखीच्या एखाद्या वयस्क व्यक्तीचे रेखाटन करा. एकाच स्कॅनच्या दोन प्रती घ्या. एकीत पांढरा बिंदू सर्वांत फिक्या रेघेच्या उजवीकडे, दुसरीत डावीकडे ठेवा. दोन्हींत तेच रंग भरा. दोन्ही चित्रे त्या व्यक्तीला ओळखणाऱ्या कोणाला तरी दाखवा, आणि त्यांनी कोणते निवडले ते थरांच्या फाइलसोबत लिहून ठेवा.