जर्मनीतील संशोधन प्रशिक्षण : प्रयोगशाळा आणि भटकंतीचा मेळ

नवी दिल्ली : जर्मनीतील प्रयोगशाळेत दोन-तीन महिन्यांचे उन्हाळी संशोधन प्रशिक्षण घेणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांच्या वाट्याला जेमतेम आठ ते बारा शनिवार-रविवार येतात. एवढ्या अवधीत संशोधनाचे काम पुरे करून देशही पाहायचा, तर नियोजनाला पर्याय नाही.

पहिला विचार प्रयोगाचा. पेशीसंवर्धनाचे पोषक द्रावण साधारणतः दर दोन-तीन दिवसांनी बदलावे लागते. त्यामुळे गुरुवारी वा शुक्रवारी आरंभलेला प्रयोग सुटीच्या दिवशीही लक्ष मागतो. सुरक्षेच्या कारणास्तव प्रयोगशाळेत एकट्याने धोकादायक रसायने हाताळण्यावर निर्बंध असतात. म्हणून राहिलेले काम रविवारी उरकता येईलच असे नाही. दीर्घ प्रयोग सोमवारी सुरू करणे आणि शुक्रवारी नोंदवही पूर्ण करणे हिताचे.

प्रवासासाठी ‘डॉइशलँड तिकीट’ सोयीचे आहे. मे २०२३ मध्ये मासिक ४९ युरोंना सुरू झालेल्या या पासचा दर जानेवारी २०२५ पासून ५८, तर जानेवारी २०२६ पासून ६३ युरो झाला. प्रादेशिक रेल्वे, ट्राम व शहर बससाठी तो चालतो. ‘आयसीई’ या वेगवान गाड्यांना नाही. ड्रेस्डेन-लाइपझिग किंवा बर्लिन-पॉट्सडॅम अशी एका दिवसाची सहल त्यात सहज होते. मात्र महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द न केल्यास पुढील महिन्याचे पैसे द्यावे लागतात.

म्युनिकहून ऑस्ट्रियातील साल्झबुर्गला जाताना पारपत्र जवळ हवेच. परतताना सीमेवर तपासणी होऊ शकते. रविवारी बहुतेक दुकाने बंद असल्याने किराणा शनिवारीच भरावा.