सीडर पट्टी कॅनू

सीडर पट्टी कॅनू ही सीडर वृक्षाच्या लाकडाच्या अरुंद, पातळ पट्ट्या एकमेकींस कडेने चिकटवून आणि त्यांवर आतून-बाहेरून काचतंतूंचे कापड व इपॉक्सी राळ यांचे आवरण चढवून तयार केलेली हलकी, वल्ह्याने चालणारी होडी होय. तिची दोन्ही टोके निमुळती असतात. साधारणतः 5 मीटर लांबीच्या अशा होडीचे वजन 20 ते 27 किलोग्रॅम भरते, म्हणजे एक माणूस ती खांद्यावर घेऊन पाण्यापर्यंत नेऊ शकतो. मोठी यंत्रसामग्री किंवा वाफेवर लाकूड वाकविण्याची सोय लागत नसल्याने हौशी कारागीर ती घरच्या पडवीत किंवा शेडमध्ये बांधू शकतो.

== रचनेचे तत्त्व ==

पारंपरिक लाकडी होडीत कणा व बरगड्यांचा सांगाडा आधी उभा राहतो आणि त्यावर जाड फळ्या ठोकल्या जातात. फळ्यांमधील फटींत कापूस ठासून त्यांवर राळ व तेलाचा लेप देतात.  अशा होडीचे बळ सांगाड्यात असते आणि फळ्या पाण्याने फुगल्यावरच तिच्या फटी पूर्ण मिटतात.

पट्टी-बांधणीत बळ कवचात असते. मध्ये सुमारे 6 मिलिमीटर जाडीचा लाकडाचा गाभा आणि दोन्ही बाजूंना काचतंतूंची पातळ त्वचा अशी ही तीन थरांची रचना आहे. होडीवर दाब पडला की एका बाजूची त्वचा ताणली जाते व दुसरी दबते. मधले लाकूड त्या दोहोंना ठरावीक अंतरावर धरून ठेवते. त्यामुळे कायमस्वरूपी बरगड्या लागत नाहीत. लाकूड राळेत बंदिस्त असल्याने ते पाणी शोषत नाही. मात्र त्वचेला चीर पडून पाणी आत शिरले, तर ते तितक्याच सहजपणे बाहेरही पडत नाही. म्हणूनच आतली बाजूही आवरणाने झाकणे अनिवार्य ठरते.

== इतिहास ==

कॅनू हे उत्तर अमेरिकेतील मूलनिवासी समाजांचे जलवाहन होय. बर्च वृक्षाच्या सालीपासून ते केले जाई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात पीटरबरो या गावाच्या परिसरात लाकडी पट्ट्यांच्या कॅनू बनविण्याचा व्यवसाय भरभराटीस आला. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर काचतंतू व कृत्रिम राळ सहज मिळू लागल्यावर अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील शर्यतपटूंनी बरगड्या वगळून आजची पद्धत रूढ केली. टेड मूर्स यांच्या ‘कॅनूक्राफ्ट’ या 1983 मधील पुस्तकाने ती घरगुती कारागिरांपर्यंत पोहोचविली.

== लाकडाची निवड ==

या कामासाठी पश्चिमी लाल सीडर हे लाकूड सर्वाधिक वापरले जाते. त्याची घनता दर घनमीटरला सुमारे 370 किलोग्रॅम असते. ते सरळ धाग्याचे व कुजण्यास प्रतिकार करणारे आहे. भारतात ते आयात करावे लागते.

पर्यायांचा विचार करताना एक साधे गणित उपयोगी पडते. 5 मीटर कॅनूच्या कवचाचे क्षेत्रफळ सुमारे 5.5 चौरस मीटर असते. जाडी 6 मिलिमीटर धरल्यास लाकडाचे घनफळ 0.033 घनमीटर येते. लाल सीडरचे वजन त्यानुसार 12 किलोग्रॅम, सुमारे 550 घनतेच्या देवदाराचे 18 किलोग्रॅम आणि सुमारे 650 घनतेच्या सागाचे 21 किलोग्रॅम भरते. सागाची दुसरी अडचण अशी, की त्यातील नैसर्गिक तेलामुळे राळेची पकड कमी होऊ शकते. शिवण हे हलके व कमी आक्रसणारे देशी लाकूड या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे. कोणतेही लाकूड गाठी नसलेले, सरळ धाग्याचे व पूर्ण वाळलेले असावे. पूर्ण लांबीच्या पट्ट्या न मिळाल्यास तिरकस जोड देऊन त्या वाढविता येतात. करवतीच्या पात्याची जाडी 3 मिलिमीटर असल्यास चिरकामात सुमारे एकतृतीयांश लाकूड भुशात जाते, हे खरेदीच्या वेळी लक्षात घ्यावे लागते.

== बांधणीची पद्धत ==

'''साचे :''' आराखड्यावरून होडीचे आडवे छेद प्लायवूडवर काढून कापतात. एका सरळ तुळईवर ते सुमारे 30 सेंटिमीटर अंतराने उभे केले जातात. होडी पालथ्या स्थितीत बांधली जाते. साच्यांची मध्यरेषा दोरी व ओळंब्याने पुन्हापुन्हा तपासतात. येथील चूक पुढे दुरुस्त होत नाही व होडी पाण्यात एका बाजूस ओढते.

'''पट्ट्या बसविणे :''' पट्टी सुमारे 19 मिलिमीटर रुंद असते. तिची एक कड गोलाकार व दुसरी खोलगट रंधून घेतल्यास वळणावरही सांधा नीट मिटतो. सांध्यात लाकडाचा पांढरा सरस लावून पट्ट्या साच्यांवर तात्पुरत्या पिनांनी अडकवितात. एका होडीस सत्तरच्या आसपास पट्ट्या लागतात. साच्यांवर चिकटपट्टी लावून ठेवली नाही, तर सरसामुळे होडी साच्यांनाच चिकटून बसते.

'''घासणे व आवरण :''' पिना काढून कवच रंध्याने व पॉलिश पेपरने गुळगुळीत करतात. नंतर दर चौरस मीटरला सुमारे 200 ग्रॅम वजनाचे काचतंतूंचे कापड पसरून त्यावर राळ व कठीणक यांचे मिश्रण रबरी पट्टीने ओढतात. कापड पूर्ण भिजल्यावर ते पारदर्शक होते व लाकडाचा रंग दिसू लागतो. पांढुरके डाग दिसल्यास तेथे राळ पोहोचलेली नाही असे समजावे. राळ कठीण झाल्यावर होडी उलटवून साचे काढतात आणि आतूनही हीच क्रिया करतात.

'''पूर्णत्व :''' वरच्या कडांना कठीण लाकडाच्या पट्ट्या, मध्ये आडवी दांडी व बैठका बसवितात. इपॉक्सी राळ सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी खराब होते. म्हणून शेवटी अतिनीलरोधक वार्निश द्यावे लागते.

== हवामान व आरोग्य ==

पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड हे तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतात. चैत्र-वैशाखात येथील तापमान 40 अंश सेल्सियसवर जाते. अशा उष्णतेत भांड्यातील राळ वेगाने तापते व काही मिनिटांतच घट्ट होऊ शकते. ती थोडी-थोडी कालवून पसरट भांड्यात ठेवावी. सकाळी तापत जाणाऱ्या लाकडातील हवा प्रसरण पावून राळेत बुडबुडे उठतात. त्यामुळे दिवस उतरू लागल्यावर, लाकूड निवत असताना राळ लावणे इष्ट ठरते. पावसाळ्यातील दमट हवेत राळेवर मेणचट थर येतो व तो धुतल्याशिवाय पुढचा लेप धरत नाही. या भागात दिवाळीनंतरचे, फार थंडी नसलेले दिवस या कामास अधिक सोयीचे असतात.

सीडरच्या भुशामुळे व्यावसायिक दमा जडू शकतो, हे वैद्यकशास्त्रात सुपरिचित आहे. राळ व कठीणक यांच्या संपर्काने त्वचेची कायमची अधिहर्षता उद्भवू शकते. धुळीचा मुखवटा, हातमोजे व खेळती हवा या बाबी ऐच्छिक नाहीत.

== महाराष्ट्र व गोव्यातील संदर्भ ==

देशावरील नद्या ओलांडण्यासाठी पूर्वी भोपळ्यांची सांगड, गुळाची काहील आणि लाकडी नाव ही साधने वापरली जात. घोड नदी शिरूर शहराजवळून वाहते. शहराचे ‘घोडनदी’ हे दुसरे नावही तिच्यावरूनच आहे. चिंचणी येथे या नदीवर धरण असून पुढे ती भीमेस मिळते. दौंड शहर भीमेच्या काठी आहे आणि उजनी धरणाचा फुगवटा दौंड तालुक्यापर्यंत पोहोचतो. जलाशयात मासेमारीच्या आणि भिगवण परिसरात पक्षिनिरीक्षणाच्या होड्या नित्य चालतात.

लाकडी गाभा व काचतंतूंची त्वचा या तत्त्वाचे मोठ्या प्रमाणावरील उदाहरण म्हणजे भारतीय नौदलाची ‘म्हादेई’ ही शिडाची नौका. गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीत ती बांधली गेली व 2009 मध्ये नौदलात आली. तिच्यातून दिलीप दोंदे यांनी 2009–10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय होत. या उपक्रमामागील प्रेरणा व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची होती. त्याच गोदीतील ‘तारिणी’ या नौकेने 2017–18 मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांसह पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली.

== सुरक्षितता ==

दोन माणसे व सामान घेऊन कॅनू जेमतेम 12 सेंटिमीटर पाण्यात बुडते. त्यामुळे ती उथळ पात्रातही चालते. परंतु वारा व लाटांपुढे ती दुबळी असते. उजनीसारख्या विस्तीर्ण जलाशयात वळवाच्या वादळाने अल्पावधीत मोठ्या लाटा उठतात. 21 मे 2024 रोजी कुगाव (ता. करमाळा) ते कळाशी (ता. इंदापूर) या मार्गावरील प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. ती होडी वेगळ्या प्रकारची होती. तथापि तेच पाणी व तोच वारा घरी बांधलेल्या हलक्या होडीसही लागू आहेत.

घोड व भीमेच्या पात्रांत वाळूउपशामुळे पडलेले खोल खड्डे वरून दिसत नाहीत. उन्हाळ्यात उजनीची पातळी उतरली की पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते, तसेच इतर बुडीत बांधकामांचे अवशेष पृष्ठभागाजवळ येतात आणि ते होडीचे पातळ कवच फोडू शकतात. जलपर्णीच्या थरात वल्हे अडकते. प्रत्येकाने जीवरक्षक जाकीट अंगात घालणे, पहिली चाचणी काठालगत कमरेइतक्या पाण्यात घेणे आणि आभाळ भरून येताच काठ गाठणे हे नियम पट्टीच्या पोहणाऱ्यालाही लागू आहेत. अंतर्देशीय जलयाने अधिनियम, 2021 मध्ये यंत्ररहित जलयानांविषयीही तरतुदी आहेत. धरणाच्या जलाशयात होडी उतरविण्यापूर्वी संबंधित पाटबंधारे कार्यालयाकडे परवानगीबाबत विचारणा करणे आवश्यक ठरते.

== हेही पहा ==

* होडी
* काचतंतू
* उजनी धरण
* घोड नदी